मतदार यादीतला वाचक

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही डायरी पतसंस्थेने फुकट दिलेली. अशा डायऱ्यांत मी फक्त दुधाचे खाडे लिहिते. आज दुधाच्या पानावर हे लिहितेय, कारण कुणाला सांगायची सोय नाही आणि सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

वाचनालयाची तपासणी झाली. दरवर्षी होते. दरवर्षी एक पोक्त साहेब यायचे, देवघेव रजिस्टर अंगठ्याने फर्रकन चाळायचे, पोहे खायचे, सही करून श्रीरामपूरची गाडी पकडायचे. यंदा नव्या बाई आल्या, स्नेहल मॅडम. वय पस्तीसच्या आतबाहेर. पोहे नको म्हणाल्या तेव्हाच मी ओळखलं, यंदा काही खरं नाही.

देवघेव रजिस्टर म्हणजे कुणी कोणतं पुस्तक कधी नेलं, कधी परत केलं, त्याची नोंद आणि सही. आमच्याकडे सकाळी सात-आठ म्हातारे पेपर वाचायला येतात. पुस्तक न्यायला महिन्यात चार माणसं आली तर मला दसरा-दिवाळी. एवढ्यावर सरकारी मान्यता टिकत नाही, म्हणून दर थंडीत मी वाचक तयार करते. अकरा वर्षांपूर्वी मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा कार्यवाह भाऊसाहेबांनी पहिल्यांदा हेच काम शिकवलं. चार रंगांची पेनं, काही सह्या डाव्या हाताने, मध्येच एखाद्या नावावर चहाचा डाग. डागाची युक्ती माझी स्वतःची. यंदा नावं सुचेनात, म्हणून निवडणुकीतली मतदार यादी पुढ्यात घेतली आणि वरून खाली उतरत गेले.

मॅडमनी पंधरा मिनिटं एकेक पान निरखलं. मग म्हणाल्या, "मोनिकाताई, डिसेंबरात तुमच्याकडे आधी अकरा आढाव आले, त्यांच्यामागून सात बनकर, मग तीन शेख. तुमच्या गावात लोक घर क्रमांकाप्रमाणे पुस्तकं नेतात का?"

भाऊसाहेब म्हणाले, "गावात एकी लई हाय, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. भीमा सखाराम आढाव, दोन डिसेंबर, पुस्तकाचं नाव 'फाटक नंबर एकोणीस', परत केल्याची नोंद नाही. ती नोंद करायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. "हे कुठे राहतात?" त्यांनी पेपरवाल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकाने टोपी काढली आणि छताकडे बघून म्हणाला, "त्यो नोव्हेंबरातच गेला की, मॅडम."

सत्तावीस तारखेला त्या पुन्हा येणार आहेत. भीमा आढावांच्या घरचं माणूस आणि ते पुस्तक समोर हवंय. पुस्तक खरंच त्या घरात गेलं होतं असं घरच्यांनी सांगितलं तर ठीक, नाहीतर मान्यता रद्द करायची शिफारस. म्हणजे वाचनालयाला कुलूप, आणि मी घरी.

मी एका मेलेल्या माणसाला पुस्तक दिलं. नवऱ्याने, शामुवेलने, विचारलं, तोंड का उतरलंय? म्हटलं पित्त झालंय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आढावांकडे कोणत्या तोंडाने जायचं याची जुळवाजुळव करत होते, तोवर छबूबाईच वाचनालयात आल्या. भीमातात्यांची बायको. तात्या पाटकरी होते, प्रवरेच्या कालव्यावर दारं उघडण्या-मिटण्यात आयुष्य गेलं. कुणाच्या उसाला कोणत्या दिवशी किती तास पाणी, सगळं तोंडपाठ. जन्मात कधी वही बाळगली नाही, असं गाव कौतुकाने सांगतं.

छबूबाई माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "मालकांच्या नावावर पुस्तक हाय म्हनं."

"हो मावशी. म्हणजे होतं."

"दावा."

मी रजिस्टर उघडलं. त्यांनी पदराने बोट पुसलं आणि नेमकं नावावर ठेवलं. "सही कुनी केली?"

"त्यांनीच," म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे त्यांच्या वतीने मी. घाईत होते ते."

"आन् ही तारीख?"

"ती माझ्याकडून चुकली. नोव्हेंबरात नेलं होतं. चार दिवसांत परतही आणून दिलं, फक्त नोंद राहिली." एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही. "फार आवडीने नेलं होतं त्यांनी."

छबूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ की मी पंख्याचं बटण दाबलं, थंडीच्या दिवसांत. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. नवऱ्याची आठवण आली असणार. "कंचं पुस्तक, ते तरी बगू द्या."

ते शोधायला अर्धा तास गेला. सगळ्यात वरच्या फळीवर मागे सापडलं. कुणाच्या तरी लग्नात भेट दिलेलं, आत 'चि. सौ. कां.' वगैरे लिहिलेलं. त्या जोडप्याने पान उलटलेलं दिसत नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी आमच्या गळ्यात घातलं आणि मी तात्यांच्या.

छबूबाईंनी ते दोन्ही हातांत धरलं. म्हणाल्या, "मॅडमपुढं मला उभी करनार म्हनं तुमी. यीन मी. पन एक हाय. मी चौथी शिकल्याली, आता अक्षर डोळ्यात ऱ्हात न्हाई. तुमी दुपारच्याला घरी यायचं आन् ह्ये वाचून दावायचं. आक्खं. मंग मी बोलनार."

हो म्हटलं. नाही म्हणून सांगते कुणाला?

बुधवार, ५ फेब्रुवारी

दोनशे चौदा पानं आहेत. उद्या अडखळायला नको म्हणून घरी वाचायला बसले. पहिलं वाक्य वाचलं, मोबाईल बघितला. परत पहिलं वाक्य. कुकर लावला. तिसऱ्यांदा पहिलं वाक्य. मग कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो बघत तासभर कसा गेला कळलं नाही.

मला हसू येत नाही याचं. श्रीरामपूरच्या वसतिगृहात असताना मी भेळेचा कागद उलगडून वाचायचे. प्रार्थनेच्या वेळी बाकाखाली पुस्तक धरल्याबद्दल मार खाल्लाय. ग्रंथपाल झाले तेव्हा आईला म्हटलं होतं, आता पगार घेऊन वाचणार. त्यानंतर एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. कधी सुटलं तेही सांगता येत नाही. रोज नंबर टाकायचे, शिक्के मारायचे, वाळवीची पावडर फवारायची. पुस्तक दिसलं की आधी पाठीवरचा नंबर दिसतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिली पाच पानं मी रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचते तशी वाचली. छबूबाई ओसरीवर हरभऱ्याचे डहाळे घेऊन सोलाणे सोलत होत्या. मध्येच म्हणाल्या, "बाई, देवाला आईकवताय का मला? सांगितल्यावानी वाचा की."

सांगितल्यासारखं वाचायला लागले. गोष्ट अशी आहे: रेल्वेचं एक फाटक, आडरानात. तिथला गेटमन रामजी एका पहाटे मालगाडीत बसून निघून जातो. त्याची बायको, तान्हा तिचं नाव, तिला जाग येते ती गाडीच्या शिट्टीने. फाटक उघडं, त्यात बैलगाडी अडकलेली, आणि रामजीचा हिरवा-लाल झेंडा खिळ्याला तसाच.

इथे माझा मोबाईल वाजला. मी बघितला, तर छबूबाई खेकसल्या, "ऱ्हाऊ द्या ना त्ये! गाडी आली!"

मोबाईल पालथा घातला आणि वाचलं. तान्हा झेंडा घेऊन धावते. गाडी थांबते, बैलगाडीपासून चार हातांवर. ती ओळ मी जवळजवळ ओरडूनच वाचली. छबूबाईंच्या सुनेने, अश्विनीने, आतून येऊन विचारलं, "वाचलं का बैल?" तोवर तिचं दूध उतू गेलं होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तान्हा कुणाला सांगतच नाही नवरा गेल्याचं. सांगितलं तर फाटकही जाईल आणि राहती खोलीही. रोज ती रामजीचा डगला घालते, झेंडा दाखवते आणि फाटकाच्या वहीत रामजीच्या नावाने सही ठोकते.

मला या बाईची चीडच येते. रोज दुसऱ्याच्या नावाची खोटी सही करून हिला झोप कशी लागते? छबूबाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्या सोलाण्यांकडे बघत म्हणाल्या, "आसती एकेकाची अडचन."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

छबूबाई फार वाईट प्रश्न विचारतात. आज म्हणाल्या, "ह्ये पान मालकांनी वाचलं आसंल का वो?"

"वाचलं असणार."

"हितं त्यास्नी काय वाटलं आसंल?"

तान्हाची म्हैस गाडीखाली जाते ते पान होतं. मी म्हटलं, "फार वाईट वाटलं असणार. डोळ्यांत पाणीच आलं असेल. हळव्या मनाचे होते तात्या."

छबूबाईंनी तोंडाला पदर लावला, खांदे हलायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका विधवेला मी खोट्या आठवणी देतेय आणि ती त्यावर रडतेय.

त्यांना थोपवायला विचारलं, तात्या घरी काय काय वाचायचे? तर म्हणाल्या, "पेपर मांडीवं घिऊन लई येळ बसायचे. फोटो बगायचे. नातीला म्हनायचे, ह्यो मानूस काय म्हनतोय सांग बरं." शेवटी शेवटी तात्यांची नजर अधू झाली असावी. गोळ्यासुद्धा रंगावरून ओळखायचे म्हणे. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर काढायला हवा होता. छबूबाई म्हणाल्या, "व्हय, नंबर काडायला हवा हुता," आणि पुन्हा पदर तोंडाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

एक गुन्हा कबूल करते. छबूबाईंना म्हटलं पुस्तक आज माझ्याकडे असू दे, कव्हर चढवते. कव्हर चढवलं नाही. घरी येऊन थेट पायरीवर बसले आणि शहाण्णव ते एकशे एकेचाळीस वाचून काढली. फाटकावर तपासनीस येतो! तान्हा आजारी रामजीच्या नावाने अंथरुणात उशी ठेवून तिला पांघरूण घालते. शामुवेल शाळेची गाडी लावून आला, समोर उभा राहिला, काही तरी बोलला, आत गेला. चहा स्वतः केला त्याने. माझ्या हातातही कप दिला म्हणे. तो पायरीवर गार झालेला नंतर सापडला.

तात्यांचं पुस्तक आहे हे. माझं नाही. मी फक्त तपासणीपुरतं वाचतेय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चोरी पकडली गेली. दोन पानं वाचली असतील, छबूबाई म्हणाल्या, "तुमी फुडचं वाचलंय."

"नाही हो."

"तपासनीस दारात आला तर तुमचा आवाज जराबी हालला न्हाई. तवा बैलाला किती घाबरला हुता." सूप बाजूला ठेवलं त्यांनी. "पुस्तक आमच्या घराच्या नावावं, आन् वाचता तुमी एकल्या? उद्या येऊ नगा."

मी पंचेचाळीस वर्षांची बाई. घरी येताना कालव्याच्या कडेने रडत आले. वाटेत कारखान्याच्या मळीचा वास, उसाचे ट्रॅक्टर, आणि डोक्यात एकच: उशीवरचं पांघरूण तो तपासनीस काढणार का? पुस्तक त्यांनी ठेवून घेतलंय. सत्तावीस तारखेचा विचार रस्त्यात एकदाही आला नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

रविवार, १६ फेब्रुवारी

चर्चमध्ये पाठ वाचताना मधली एक ओळ गाळली. पाळक माझ्याकडे बघत होते.

पांघरुणाचं काय झालं?

सोमवार, १७ फेब्रुवारी

भाऊसाहेब आले. "बाईला साडीचोळी करून टाका. मालकांनी पुस्तक वाचलं यवढंच तर म्हनायचं हाय. मेल्याला काय, वाचलं आन् न वाचलं सारखंच." पिशवीत साडी घेऊनच आले होते, जांभळी, वर दुकानाचं स्टिकर.

पिशवी घेऊन गेले. पण ती मी बाहेर चपलांजवळ ठेवली आणि आत जाऊन छबूबाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, "एकशे एकेचाळीसच्या पुढचं खरंच वाचलं नाही. तिथून सोबत वाचू. आणि त्याच्या आधीचंही सगळं पुन्हा वाचते."

"मागचं मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्या सुनंकडून वाचून घेतलं. ती लई भरभर वाचती, पन पांघरूनापाशी थांबिवली तिला. म्हनलं तुमी याल."

साडी परत नेऊन भाऊसाहेबांना दिली. मापात बसत नाही म्हणाल्या, असं सांगितलं. साडीला कसलं माप, हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत मी फाटकाबाहेर होते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

रोज वाचतोय. अश्विनी आता स्वयंपाकाची वेळ पुढे ढकलते. मोबाईल मी घरीच ठेवून जाते, कारण तो हातात असला की छबूबाईंना आवडत नाही. आणि मलाही.

पण स्वस्थता नाही. पानं संपत आलीत, तसा जीव वरखाली होतो. गोष्ट संपली की सत्तावीस तारीख. छबूबाई मॅडमपुढे सांगतील, आमच्या मालकांनी आवडीने नेलं होतं पुस्तक. मनापासून सांगतील, माझ्या शब्दावर विसंबून. वाचनालय वाचेल, आणि त्यांच्या तोंडून खोटं मी वदवलेलं असेल. खरं सांगितलं तर वाचनालय जाईल, आणि नवऱ्याची एक चांगली आठवण आहे त्यांच्यापाशी, तीही मीच काढून घेतलेली असेल.

दोन्हीकडून मीच.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

संपलं.

शेवट इथे लिहिणार नाही. शेवटचं पान वाचून झालं. अश्विनी उठून आत गेली, नाक ओढत. छबूबाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि कव्हरावरून हात फिरवला. "झालं पुरं मालकांचं पुस्तक," म्हणाल्या.

तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. त्यांनी मूठभर सोलाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि मी ते खात खात घरी आले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. छबूबाईंनी नातीच्या हाती उकडलेली रताळी पाठवली. निरोप: उद्या धा वाजता येते.

दिवसभर घरात फेऱ्या मारल्या. शामुवेल म्हणाला, एका जागी बस नाहीतर मला तरी बसू दे. त्याला सगळं सांगितलं, मतदार यादीपासून. शाळेची गाडी चालवणारा माणूस, तोंडात शब्द मोजके. म्हणाला, "मग त्या तान्हाने काय केलं शेवटी?"

"ते आणि हे वेगळं आहे," मी ओरडले.

तो भाकरी मोडत राहिला. आणि मला एकदम दिसलं. फाटकाची वही, खोटी सही, दारात तपासनीस. तीन आठवडे मी त्या बाईला नावं ठेवत होते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

घडलं तसं लिहून काढते.

मॅडम दहाला आल्या. छबूबाई त्यांच्या आधीच येऊन बसल्या होत्या, धुतलेलं लुगडं, मांडीवर फडक्यात बांधलेलं पुस्तक. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. मॅडमनी रजिस्टर उघडलं. "आजी, तुमच्या मालकांनी हे पुस्तक वाचनालयातून नेलं होतं?"

छबूबाईंनी घसा खाकरला. मला ते सहन झालं नाही.

"मॅडम, त्यांना विचारू नका," मी म्हणाले. "ती नोंद खोटी आहे. तात्या कधी इथे आले नाहीत. सही मी डाव्या हाताने केलीय. ही पानं सगळी मतदार यादीवरून उतरवली आहेत." मग छबूबाईंकडे वळले. "मावशी, मी खोटं बोलले तुमच्याशी. तात्यांनी हे पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. मला माफ करा."

भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी छबूबाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

"मला म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या.

मी मान वर केली.

"त्यास्नी अक्षर कुटं येत हुतं, बाई? जलमभर अंगठा लावला त्यांनी. यष्टीची पाटी वाचायला मी संगं लागायची. आन् तुमी म्हनता म्हशीचं वाचून डोळ्याला पानी आलं! मला हसू आवरंना, पदर चावून चावून दात दुखलं."

मी म्हटलं, "मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात?"

"भांडायलाच आल्ते. म्हनलं, मेल्याल्या मानसाचं नाव वापरतात, झिंज्या धरते." पुस्तकाची गाठ सोडता सोडता त्या थांबल्या. "मंग तुमी त्ये रजिस्टर दावलं. भीमा सखाराम आढाव, आन् फुडं पुस्तकाचं नाव. आवो, लई हौस हुती त्यास्नी. नातीची पुस्तकं हुंगायचे. म्हनायचे, छबे, मानसं त्यात बघून हासत्यात कशाला, यकदा कळाय पायजे हुतं. जलमात कुनी त्यांचं नाव पुस्तकाम्होरं लिवलं न्हवतं. तुमी लिवलं. खोटं लिवलं, पन लिवलं. मला वाटलं, आता ह्ये खोटं तसंच ठिवायचं न्हाई. पुस्तक घरात न्यायचं, आन् त्यांच्या वाटचं आईकायचं."

म्हाताऱ्यांनी पेपर खाली घेतले होते.

स्नेहल मॅडमनी विचारलं, "काय आहे पुस्तकात?" अविश्वासाने नाही, हे माझ्या लक्षात आलं.

छबूबाईंनी सांगितलं. दहा मिनिटं तरी सांगत होत्या. बैलगाडी, डगला, खोटी सही, उशीवरचं पांघरूण. एक म्हातारा खुर्ची ओढून जवळ आला. तपासनीस पांघरुणाला हात घालतो तिथे त्या थांबल्या.

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"त्ये न्हाई सांगनार. सोता वाचा."

मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी लाल पेन काढलं. एकेक पान घेऊन खोट्या ओळी खोडत गेल्या, मी शेजारी उभी राहून दाखवत होते, ही, ही, ही. तीन महिन्यांत एकशे शहाऐंशी गेल्या, चौदा उरल्या. त्यांनी लिहिलं ते असं: वाचनालयाचा वर्ग एका पायरीने खाली आणावा, मान्यतेचा निर्णय सहा महिन्यांनी, न कळवता येऊन तपासणी करून. भाऊसाहेब माझ्याशी बोलत नाहीयेत. माझं मानधन कमी होईल. ते होऊ दे.

भीमातात्यांची ओळ त्यांनी शेवटी ठेवली होती. पेन टेकवून म्हणाल्या, "आजी, हीही खोडावी लागेल."

छबूबाई पुढे वाकल्या. "खोडा. पन नाव वाचू यील आसं खोडा."

मॅडमनी पट्टी मागितली. पट्टी लावून नावाखालून सुरू होणारी, अक्षरांना जेमतेम शिवणारी एक बारीक रेघ ओढली. भीमा सखाराम आढाव. स्वच्छ वाचता येतं.

मॅडमची जीप गेल्यावर मी पुस्तक फळीवर ठेवायला निघाले, तर छबूबाईंनी हात धरला. "कुटं चालला? लिवा आता माझ्या नावावं. आजचीच तारीख घाला, खरी."

"पण हे तर वाचून झालं."

"तुमी वाचलं. मी आईकलं. आता बोट ठिवून वाचनार हाय."

सहीच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं. छ काढायला पूर्ण मिनिट लागलं. रेघेबाहेर गेला, शेजारच्या रकान्यात घुसला. मी पेन धरायला मदत करायला गेले तर कोपराने ढकललं मला.

शनिवार, १ मार्च

छबूबाई दुपारी वाचनालयात येऊन बसल्या. दोन दिवसांत दीड पान झालंय. ओठ हलतात, बोट पुढे सरकतं, अडलं की माझ्याकडे न बघता टेबलावर बोटाने टकटक करतात. मी जाऊन सांगते, परत येते.

परत येऊन काय करायचं, हा प्रश्न होता. शिक्के मारून झाले होते. हाताला मोबाईल लागला नाही, घरीच विसरलाय. मग उठले आणि फळीपुढे उभी राहिले. नंबर न बघता एक पुस्तक काढलं, निळ्या कापडी बांधणीचं. चार ओळी उभ्यानेच वाचल्या. मग पान उलटलं.

रजिस्टरमध्ये ओळ लिहिली. अकरा वर्षांत या रजिस्टरमध्ये मी गावातल्या जवळजवळ प्रत्येकाचं नाव घातलंय, आपलं कधी घातलं नव्हतं. मोनिका शामुवेल साळवे. सही उजव्या हाताने.

टेबलावर टकटक झाली.

"थांबा मावशी," मी म्हणाले, "एवढं पान होऊ द्या."